सपाट की वक्र? (एका बोटाची गोष्ट)

मंडळी, आयटीवाल्यांना एक रोग असतो. काम जमत नसलं की आधी टूल बदलायचं. कोड चुकला? एडिटर बदला. टायपिंगचा वेग वाढत नाही? नवा कीबोर्ड घ्या. गेली दोन वर्षं मी रविवारी सकाळी मिसळीच्या आधी (नंतर हात स्थिर राहत नाही, अनुभवाचे बोल!) गंगापूर रोडच्या बाजूच्या एका रेंजवर १० मीटर एअर पिस्तूल मारायला जातो. हा रोग मी तिथेही सोबत नेला, हे वेगळं सांगायला नकोच.

झालं असं, की माझा स्कोअर एका जागी अडकला. रात्री जागून व्हिडिओ बघायला लागलो. अमेरिकेत कॉम्पॅक्ट पिस्तूलवाल्यांमध्ये एक सनातन भांडण आहे: ट्रिगर सपाट चांगला की वक्र? ग्लॉक १९ चा पारंपरिक ट्रिगर वक्र, तर सिगचं २०१९ मध्ये आलेलं पी३६५एक्सएल कारखान्यातूनच सपाट ट्रिगर घेऊन आलं. तिकडे लोक ट्रिगर असे बदलतात, जसे आपण मोबाईलचं कव्हर. आपल्याकडे ९ एमएम सामान्य नागरिकाला मिळतच नाही, आणि परवान्याच्या हत्यारात घरी बसून स्क्रू-ड्रायव्हर घालणं म्हणजे आ बैल मुझे मार. पण मॅच एअर पिस्तुलाचं ट्रिगर-ब्लेड पुढे-मागे सरकवता येतं, तिरकं करता येतं, काहींवर बदलताही येतं. म्हणजे भांडण आपल्यापर्यंत पोचलंच!

रेंजवरच्या एका मित्राकडे सपाट ब्लेड होतं. तीन रविवारांसाठी उसनं घेतलं. पहिल्या रविवारी दहा गोळ्यांत ९२. मी हवेत! दुसऱ्या रविवारी ८४. तिसऱ्या रविवारी ८१, आणि त्यात एक सहा.

आमचे सर कमी बोलतात. त्यांनी बोटाला थोडी टाल्कम पावडर लावायला सांगितली आणि म्हणाले, "दहा वेळा कोरडं दाब. दर वेळी ब्लेड बघ, पूस, परत दाब." बघतो तर काय, पांढरा ठिपका कधी ब्लेडच्या मध्यावर, कधी अगदी खाली. मला वाटत होतं मी दर वेळी तेच करतोय. छे!

आता थोडं आठवीतलं विज्ञान. ट्रिगर वरच्या खिळीभोवती फिरतो, म्हणजे तो एक तरफ आहे. समजा खिळीपासून २० मिलिमीटरवर बोट ठेवलं तर ५०० ग्रॅम जोर लागतो (एअर पिस्तुलात नियमाने किमान तेवढा हवाच). तेच बोट २५ मिलिमीटरवर घसरलं तर ४०० ग्रॅममध्येच काम होतं. म्हणजे मेंदू ५०० ची तयारी करून बसलाय आणि गोळी ४०० लाच सुटली. वक्र ट्रिगरचं पोट बोटाला आपसूक एका खळग्यात नेऊन बसवतं. सपाट ट्रिगर म्हणतो, 'तुला हवं तिथे ठेव बाबा.' आमच्या भाषेत सांगायचं तर वक्र म्हणजे आखून दिलेली डिफॉल्ट सेटिंग आणि सपाट म्हणजे सगळं कॉन्फिगरेशन तुमच्या हातात. ज्याला आपल्याला काय हवंय ते नेमकं ठाऊक आहे, त्याला दुसरं फार आवडतं. बाकीच्यांचं काय होतं ते आपण प्रॉडक्शनमध्ये रोज बघतोच :)

आणि शंभर ग्रॅमने असा काय फरक पडतो? पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण ३५ सेंटीमीटर अंतर धरा. झटक्याने पुढची साइट एक मिलिमीटर हलली तर १० मीटरवर गोळी सुमारे २८ मिलिमीटर भरकटते. दहाच्या वर्तुळाचा व्यास फक्त ११.५ मिलिमीटर. म्हणजे एका मिलिमीटरात दहाचे सात!

मग सपाट वाईट का? अजिबात नाही. ज्याचं बोट हजारो वेळा कोरडं दाबून एका जागी बसलंय, ज्याला मधल्या खळग्यापेक्षा जरा खाली पकड जमते, त्याला सपाट ब्लेड सरळ मागे ओढल्याचं स्वच्छ समजतं. पण तो शेवटचा मुद्दा. आधी ग्रिप हातात बसते का, बोट न ताणता ट्रिगरपर्यंत पोचतं का, हे बघायचं. आकार त्यानंतर.

हे सगळं मी एरवी लिहिलंही नसतं. पण त्या तिसऱ्या रविवारच्या आधी एक प्रसंग घडला.

रेंजवर चौदा वर्षांची एक मुलगी येते. क्लबचं पिस्तूल, तेही तिघींत मिळून एक. वडील रिक्षा चालवतात. माझे ९२ त्यांनी पाहिले होते. बाहेर चहाच्या टपरीवर त्यांनी विचारलं, "साहेब, तुम्ही कॉम्प्युटरवाले, तुम्हाला कळतं. सपाट ट्रिगरवालं स्वतःचं पिस्तूल घेतलं तर पोरीचे पॉइंट वाढतील का? सोसायटीतून कर्ज काढतो." नवं परदेशी मॅच पिस्तूल लाखाच्या वर जातं. आणि मी, एका रविवारच्या ९२ वर उड्या मारणारा, 'हो' म्हणणार होतो. शब्द तोंडापर्यंत आला होता. "सरांना विचारून सांगतो" म्हणालो, ते निव्वळ नशीब.

या खेळात पैसा लागतोच, ते नाकारण्यात अर्थ नाही. स्वप्नील कुसाळे कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीचा, शिक्षकाचा मुलगा. आपल्या नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत रायफल शिकला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्सचं ब्राँझ घेऊन आला. त्यामागे घरच्यांचा केवढा खर्च असेल! मनू भाकरचं पिस्तूल २०२१ मध्ये टोकियोत ऐन पात्रता फेरीत बिघडलं आणि तिची फायनल हुकली. म्हणजे साधन महत्त्वाचंच. पण तीन वर्षांनी तिने पॅरिसमध्ये दोन पदकं घेतली, ती काय ट्रिगरच्या आकारामुळे? आणि त्याच पॅरिसमध्ये साधा चष्मा लावून, एक हात खिशात घालून रौप्य नेणारे तुर्कस्तानचे युसुफ डिकेच तर आपण सगळ्यांनी व्हॉट्सअॅपवर पाहिलेत.

पुढच्या रविवारी मी मित्राचं ब्लेड परत केलं आणि त्या काकांना सांगितलं, "कर्ज नका काढू. माझे मार्क उतरलेत, हे बघा." स्कोअरशीट दाखवली. लाज वाटली, पण दाखवली. सरांनी त्या मुलीसाठी दुसरंच काम काढलं. क्लबच्या पिस्तुलाचं ब्लेड तिच्या बोटासाठी किती मागे घ्यायचं ते मोजून तिच्या वहीत लिहून दिलं. आता तिची पाळी आली की ती आधी चावीने तेवढं सरकवते, मग उभी राहते. खर्च शून्य.

तिचे पॉइंट वाढले का? थोडे. एवढ्यात काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण वडिलांच्या डोक्यावर हप्ता नाही, एवढं नक्की.

तेव्हा माझं मत असं: शिकणाऱ्याने वक्र घ्यावा, किंवा जो हातात आहे तो. महिनाभर पावडरचा प्रयोग करा. ठिपका रोज एकाच जागी पडायला लागला की मग खुशाल सपाट घ्या. माझा ठिपका अजून फिरतोय. असो, मिसळ थंड होतेय.