पाण्यावरचं कटर

गेल्या उन्हाळ्यात नरडाण्याच्या घरातली शहाबादी फरशी काढून टाइल्स बसवायचं ठरलं. आग्रह आईचा. (मावश्यांना ही कहाणी फोनवर ऐकून पाठ झाली असेल, त्यांनी पुढचा परिच्छेद गाळला तरी चालेल. :-) )

टाइल्स मोरबीच्या, दोन बाय दोन फुटांच्या. मिस्तरी गावातलेच, हात एकदम सफाईदार. पहिल्या दिवशी त्यांनी अंगणात उकिडवं बसून चार इंची मार्बल कटर सुरू केलं आणि दहा मिनिटांत तुळस पांढरीफटक झाली. मी म्हटलं, जरा पाणी टाका. मग त्यांच्या हाताखालच्या पोरानं बाटलीच्या झाकणाला भोक पाडून चालत्या ब्लेडवर धार धरली. पाय अनवाणी, खाली ओल, शेजारीच एक्स्टेन्शन बोर्ड. घाबरून मीच बंद करायला लावलं. "आमना धंदाच धूयना शे, दादा," मिस्तरी हसले, आणि हसता हसता खोकत राहिले. खोकला बिडीचा, असं ते म्हणतात. असेलही.

पण त्या खोकल्यानं मी विचारात पडलो. टाइलचा रंग निवडायला आम्ही महिना घालवला, दुकानं पालथी घातली. ती टाइल कशानं कापली जाणार, हे मात्र कुणी विचारलंच नाही. आता माझं मत पक्कं झालंय: कटर निवडणं हे घरमालकाचं काम आहे, आणि त्याचा खर्चही त्याचाच.

कारण सांगतो. टाइल, ग्रॅनाइट, सिमेंट या सगळ्यांत सिलिका असते. कोरडं कापलं की तिची धूळ उडते. दिसणारा ढग बराचसा नाकाघशात अडकतो. जे कण दिसत नाहीत ते फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. त्यातून सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ही धूळ कर्करोगकारक असल्याचं १९९७ सालीच नोंदवलं आहे. आपण शाळेत ज्या पाटीवरच्या पेन्सिली चघळल्या, त्या कापणारे मंदसौरचे कामगार याच रोगानं गेले. सातपुडा-नर्मदेपलीकडच्या अलिराजपूर-झाबुआ भागातले आदिवासी गुजरातेत क्वार्ट्झ दळायला जात. त्यांतल्या २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यायला सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली सांगितलं. टाइल कापणं म्हणजे क्वार्ट्झ दळणं नव्हे, हे कबूल. पण आपल्या घरी धूळ चार दिवस असते, मिस्तरींच्या वाट्याला वर्षभर. आणि तोंडाला बांधलेला रुमाल किती कामाचा, हे करोनानंतर तरी वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला गेलो. आग्रा रोडवर फिरून जे कळलं ते असं. नुसत्या सरळ रेषेत कापायचं असेल तर हाताचं, चाक फिरवून चरा पाडणारं कटर सगळ्यात उत्तम. वीज नको, पाणी नको, धूळ जवळजवळ नाही. पण नळाभोवतीचा कोपरा किंवा अगदी बारीक पट्टी त्यानं निघत नाही. त्यासाठी टेबलासारखं पाण्यावरचं कटर. खाली टाकी असते, ब्लेड पाण्यात बुडून फिरते आणि धुळीचा तिथेच चिखल होतो. हातातलं कटर मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतं, हे तीनेक हजार. म्हणून सावकाश कापतं, पण कड तुटत नाही.

घेताना तीन गोष्टी बघा. आपली टाइल त्या टेबलावर मावते का. ब्लेड दाते नसलेली, अखंड कडेची आहे का. आणि घरात अर्थिंग व ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी आहे का. नसेल तर आधी ते बसवा, मशीन नंतर.

"उन्हाळ्यात पाणी कुठून आणू?" हा आईचा प्रश्न. शिंदखेडा तालुक्यात तो हसण्यावारी नेता येत नाही. पण टाकीतलं तेच पाणी फिरत राहतं. आमचं काम दिवसाला दीड-दोन बादल्यांत भागलं, तेही कपडे धुतलेल्या पाण्यात. संध्याकाळी खालचा रेंदा ओला असतानाच गोणीत भरायचा. वाळू दिला आणि झाडला, की पुन्हा तीच धूळ.

मिस्तरी पहिला दिवस कुरकुरले. "हाई ते बैलगाडी शे!" तिसऱ्या दिवशी पोराला स्वतःच सांगत होते, पाणी बघ रे. एल आकाराचे काप अर्धे हातानेच करावे लागले, हे खरं. तेवढ्यापुरती धूळ उडालीच. खर्चाचं म्हणाल, तर बाथरूममधल्या फुलाफुलांच्या टाइल्सना जेवढे पैसे गेले, त्याहून कमी.

काम संपल्यावर मशीन त्यांनाच देऊन टाकलं. मोठा तीर मारला असं वाटत होतं. दिवाळीत गेलो तर दोन गल्ल्या पलीकडे ते पुन्हा मार्बल कटर घेऊन पांढऱ्या ढगात बसलेले. विचारलं, तर ओशाळून म्हणाले, "मालकाला घाई शे दादा. पाण्यावर वेळ जातो, रोज वाढतो."

तेव्हा कळलं, मशीन देऊन माझं काम अर्धंच झालं होतं. घाई मिस्तरीची नसतेच, ती आपली असते. गृहप्रवेशाचा मुहूर्त आपण काढतो, रोज आपण मोजतो. म्हणून या हिवाळ्यात ज्या ज्या नातेवाइकांकडे फरशीचं काम निघणार आहे, त्यांना एकच विनंती. ठरवताना मिस्तरींना तोंडानं सांगा: काप पाण्यावरच, दोन दिवस जास्त लागले तरी चालतील, त्याचे रोज मी देईन.

मशीन आमच्या मिस्तरींकडे आहेच. मागून बघा, नाही म्हणणार नाहीत.