एकाच वावराचे किती तुकडे?

हरभऱ्याच्या घाटेअळीवर पुढच्या अंकी लिहीन. या खेपेस जरा निराळ्या वाटणीचा प्रश्न आला आहे. अहमदपूर तालुक्यातून एक ताई लिहितात की, मुलीच्या अभ्यासासाठी घरी जुना संगणक घेतला आहे. दुरुस्तीवाला म्हणतो, सगळे पुसून नवे विंडोज घालून देतो, पण हार्ड डिस्कचे पार्टिशन किती करायचे ते सांगा. घरात तीन मते झाली. नांदेडला शिकणारा थोरला म्हणतो पाच करा, प्रत्येकाचा एक. धाकटा म्हणतो एकही नको. कारभारी म्हणतात, साहेबांना विचारा.

हा प्रश्न सध्या पुष्कळ घरांत आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार कंपनीने थांबवला, आणि तेव्हापासून जुनी यंत्रे पुसून नव्याने भरून घेण्याची घाई चालली आहे.

हार्ड डिस्क म्हणजे संगणकाचे कोठार. यंत्र चालवणारे विंडोजही त्यातच राहते आणि तुमचे फोटो, हिशेब, दाखलेही त्यातच. पार्टिशन म्हणजे त्या एकाच वावरात घातलेला धुरा. धुरा घातल्याने जमीन वाढत नाही, हे तुम्हांला मी सांगावयास नको. कोणता तुकडा कुठून कुठवर, याची नोंद डिस्कच्या माथ्याशी असते, तलाठ्याच्या दप्तरासारखी. पहिल्या तुकड्याला सी म्हणतात, कारण ए आणि बी ही अक्षरे पूर्वीच्या फ्लॉपीसाठी राखलेली होती. आणि ५०० जीबीची डिस्क संगणकात ४६५ दिसली तर दुकानदाराशी भांडू नका. बनवणारा हजाराच्या पटीने मोजतो, विंडोज १०२४ च्या पटीने. कच्चा मण आणि पक्का मण, तसेच हे.

आता पाच तुकड्यांचे. शेताचे फार बारीक तुकडे पडू नयेत म्हणून आपल्याकडे १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा आला. संगणकाला असा कायदा नाही, पण तोटा तोच. एक तुकडा भरून वाहतो, दुसरा पडीक राहतो, आणि मधला धुरा सहज सरकत नाही. विंडोजच्या स्वतःच्या सोयीने तुकडा वाढवायचा तर त्याला लागून, उजव्या अंगाला मोकळी जागा लागते. शेजारचा तुकडा नुसता रिकामा असून चालत नाही. तो मोडावा लागतो. प्रत्येकाला आपले वेगळे हवे असेल तर एकाच तुकड्यात नावानावाचे फोल्डर करावे. गोण्यांना चिठ्ठ्या लावल्या की झाले, त्यासाठी कोठारात भिंती कशाला?

मग धाकट्याचे खरे का? अर्धे खरे. डिस्क २५६ जीबीची असेल तर मीही म्हणेन, तोडू नका. ५०० ची असेल तर दोनच भाग करावेत: सी ला १५० आणि उरलेले डी ला. विंडोज ११ ला किमान ६४ जीबी लागतात असे कंपनी सांगते, पण तेवढ्यावर भागवू नये. पुढच्या सुधारणा येत राहतात आणि सी भरला की यंत्र बैलासारखे बसते. संगणकात नवी एसएसडी आणि जुनी हार्ड डिस्क अशा दोन असतील तर भागांचा विचारच नको. एसएसडीवर विंडोज, जुनीवर सामान.

दोन भाग कशाच्या आधारे करावयाचे, ते मात्र नीट समजून घ्या. सोयाबीनचे बियाणे आपण खाण्या-विकण्याच्या थप्पीत टाकीत नाही. त्याचे साल पातळ. आपटले, दडपले की उगवण गेली. विकायचा माल पुन्हा येतो, बियाणे गेले की हंगाम गेला. विंडोज आणि प्रोग्राम पुन्हा घालता येतात, ते सी मध्ये. जे पुन्हा मिळणार नाही ते डी मध्ये. सातबारा पुन्हा काढता येतो. ठिबकची जुनी बिले, गटाचा हिशेब, मुलीने वर्षभर काढलेल्या टिपणांचे फोटो कुठल्या सेवा केंद्रात मिळणार? पुढे कधी विंडोज बिघडले तर फक्त सी पुसायचा, डी तसाच राहतो. वाटणीचा खरा फायदा एवढाच.

आणि तोही पुष्कळांना मिळत नाही! कारण डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे सारे मुळात सी मध्येच असते. समोर दिसते म्हणून माणूस सगळे डेस्कटॉपवर टाकतो. औसा तालुक्यातल्या एका घरी मी पाहिले, डी अगदी रिकामा होता. कारागिराने ठरल्याप्रमाणे सी पुसला. त्याची चूक काहीच नव्हती, पण वारलेल्या आजोबांचे सगळे फोटो त्यात गेले. घरातली म्हातारी अजून विचारते, फोटो कधी येणार.

तेव्हा नवे विंडोज घातले की पहिले काम हे करावे. डॉक्युमेंट्सवर माउसचे उजवे बटण दाबून प्रॉपर्टीज उघडा, त्यात लोकेशन येते, तिथे मूव्ह दाबून डी मधला फोल्डर दाखवा. डेस्कटॉप आणि फोटोंचेही तसेच. पाच मिनिटांचे काम आहे, कारागिराकडूनच समोर बसून करून घ्या.

त्याला काही गोष्टी आधी बजावाव्यात. पुसण्यापूर्वी सगळे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यायचे, आणि ते उघडते का हे तुम्ही स्वतः पाहायचे. डिस्कवर विंडोजने स्वतःसाठी केलेले बिननावाचे लहान तुकडे असतात. चालू यंत्रात जागेच्या लोभाने ते मोडू नयेत, यंत्र सुरूच होणार नाही. नव्या लॅपटॉपवर डिस्कला आपोआप कुलूप लागलेले असू शकते. त्याची ४८ आकड्यांची किल्ली असते, ती कामाआधीच वहीत लिहून घ्यावी. शिवाय लाइट. धुरा सरकवणे चालू असताना वीज गेली तर दोन्ही तुकडे बिघडू शकतात. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून, मोठा संगणक इन्व्हर्टरवर लावूनच हे काम काढावे.

आता ताई, तुमच्या पत्रात नसलेली पण मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. धुरा पूर अडवीत नाही. सी आणि डी ही एकाच यंत्राची दोन नावे आहेत. डिस्क जळाली, चोरीला गेली, की दोन्ही गेले. "डी मध्ये ठेवलंय, आता काळजी नाही" असे म्हणणारी माणसे मला फार भेटतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला घरे कोसळली, तेव्हा माजघरात काय आणि ओसरीवर काय, सारे एकाच ढिगाऱ्याखाली गेले. २०२५ च्या ऑगस्टात मुखेड तालुक्यात गावांत पाणी शिरले, त्या पाण्यानेही खोल्या निवडल्या नाहीत. दुसरी प्रत दुसऱ्या घरातच हवी.

तुमची डिस्क ५०० जीबीची आहे, म्हणून दोन भाग करा, वर सांगितल्याप्रमाणे. पाच भाग करण्याइतका उत्साह थोरल्याला आहे, तर त्याच्याकडे हे काम द्या: यूएसबीने जोडायची एक बाहेरची डिस्क घ्यावी, ती नांदेडला त्याच्या खोलीवर राहील, आणि घरी येताना तो ती सोबत आणील. आला की आधी डी ची प्रत काढायची, मग जेवायला बसायचे. कागदपत्रांपुरते गुगलच्या खात्यातले १५ जीबी फुकट मिळतात, तेही वापरा. त्याचा पासवर्ड मात्र एकट्या थोरल्याच्या डोक्यात ठेवू नका. रेशनकार्ड ठेवता त्या पेटीत एका कागदावर लिहून ठेवा.