अट क्रमांक २०

‘पवनचक्क्यांच्या आवाजावरून कोर्टात जाणारे सगळे विकासाचे वैरी,’ असं एका वाचकाने या आठवड्यात कळवलंय. डीजेच्या भिंतींवर लिहिलं तेव्हाही त्यांचं मत हेच होतं. सातत्य आहे, मानलं पाहिजे.

त्यांच्यासाठी इंग्लंडच्या डेव्हनमधलं डेन ब्रुक. नऊ पवनचक्क्या, २००९ची परवानगी आणि तिला आव्हान देणारा एक रहिवासी. भांडण आवाज किती यापेक्षा तो कसा, याचं होतं. पाती फिरताना आवाज चढतो-उतरतो, ठेका धरतो. रात्री ठिबकणाऱ्या नळासारखा झोप खातो. म्हणून परवानगीत अट क्रमांक २० आली. दोन सेकंदांत तीन डेसिबलहून जास्त चढउतार, तो मिनिटात पाच वेळा आणि अशी मिनिटं तासात सहा भरली, की मर्यादा ओलांडली! त्या मिनिटाची सरासरी २८ डेसिबल असली तरी पुरे. गोची एवढीच, की मोजायचं कसं ते लिहिलं होतं. ओलांडायचं नाही, हे स्पष्ट लिहायचं राहिलं होतं. २०११मध्ये अपील न्यायालयाने आव्हान फेटाळलं, पण फेटाळताना बजावलं की ही मर्यादा पाळावीच लागेल. हरलेल्याला हवं ते मिळालं.

आता आपले २०००चे ध्वनिप्रदूषण नियम बघा. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल आणि दोन्ही आकडे सरासरीचे. सरासरीत ठेका विरघळून जातो. विसर्जनानंतर ‘यंदा आवाज घटला’ अशी बातमी येते तीही या सरासरीच्याच कृपेने, असा माझा दाट संशय आहे. पुरावा नाही, कान आहेत.

बरं, आपल्याकडे आव्हान द्यायचं तरी कोणत्या परवानगीला? २००६च्या पर्यावरण अधिसूचनेत पूर्वमंजुरी लागणाऱ्या प्रकल्पांच्या यादीत पवन प्रकल्प नाहीतच, म्हणजे त्याखालची जनसुनावणीही नाही. २०१६च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत घरापासून ५०० मीटर अंतर तेवढं आहे.

आयर्लंडमध्ये वेक्सफर्डच्या शेजाऱ्यांनी परवानगीचा नाद सोडून थेट उपद्रवाचा दावा लावला. चक्क्या दोनच, त्याही चालू असलेल्या. २०२४मध्ये उच्च न्यायालयाने उपद्रव मान्य केला. आपल्याला जवळची वाट हीच.

तेव्हा पवनचक्क्यांशेजारी राहणाऱ्या साक्री आणि वनकुसवड्याच्या वाचकांनो, त्रास होत असेल तर रात्र, वेळ, वारा लिहून ठेवा. आणि प्रदूषण मंडळाने सरासरी दाखवली, तर सेकंदासेकंदाची नोंद मागा.