आधी सांगाडा, मग रंग
जुनी सायकल घेऊन, दुरुस्त करून विकायची असेल तर चकाकी बघू नका. हँडलखालचा जोड बघा. तिथे रंगाला सुरकुती किंवा तडा दिसला, तर बहुधा समोरून धडक बसून फ्रेम दबलेली असते. अशी सायकल भंगाराच्याच भावाची. टायर, ट्यूब, छर्रे, रिमचा आऊट काढणे हा खर्च त्यामानाने किरकोळ, पण भाव ठरवण्याआधीच मांडावा. चेनच्या २४ कड्या १२ इंच भरायला हव्यात. अष्टमांश इंच जास्त भरल्या तर चेनबरोबर अनेकदा फ्रीव्हीलही बदलावी लागते. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२०मध्ये बंद पडला, तरी साध्या काळ्या सायकलीचे सुटे भाग अजून मिळतात, म्हणून मी गिअरवालीपेक्षा तिलाच आधी हात घालीन. ब्रेकचे रबर मात्र नवेच बसवा. ती सायकल एखादं शाळकरी पोर उतारावरून दामटणार असतं.