शनिवारची गोष्ट

गुड फ्रायडे म्हणजे आम्हा आयटीवाल्यांसाठी फुकटचा लाँग वीकेंड. अर्धी मुंबई अलिबाग-मुरुडकडे सुटते. मी यंदा माणगावला घरी आलो. बाबांना जानेवारीत अर्धांगाचा झटका आला, उजवा हात अजून उचलत नाही. रोज कुणीतरी फोन करतं, "पॉझिटिव्ह राहा, सगळं छान होणार!" खरं सांगू? या वाक्याचा मला आता राग यायला लागलाय.

शुक्रवारी कोर्लईला गेलो होतो. टीममधला एक मित्र तिथला. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, किल्ल्याच्या पायथ्याशी ख्रिस्ती वस्ती आहे. पोर्तुगीज 1740 मध्ये हा भाग मराठ्यांना देऊन गेले, ही माणसं राहिली. चर्च टिकलं आणि पोर्तुगीजमधून घडलेली त्यांची बोलीही टिकली. ते तिला 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. कुणी परत येईल या भरवशावर थोडीच टिकली असेल? रोज घरात मुलांशी बोलत राहिले, म्हणून टिकली.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर दिवस 46 भरतात. मग चाळीस दिवसांचा उपवासकाळ कसा? तर त्यातले सहा रविवार उपवासात धरत नाहीत. (हिशोब तपासायची सवय, दुसरं काय!) मित्राच्या आईला विचारलं, "काकी, उद्या शनिवारी काय असतं?"

"उद्या काही नसतं रे. रात्रीची प्रार्थना होईपर्यंत नुसती वाट बघायची."

हा 'काही नसतं'चा दिवस डोक्यातून जाईना. आपल्याला रविवार ठाऊक असतो, म्हणून शनिवार सोपा वाटतो. पण त्या पहिल्या शनिवारी रविवार कुणाला ठाऊक होता? लूकच्या शुभवर्तमानात त्या बायकांनी शुक्रवारीच सुगंधी द्रव्यं तयार केली, शब्बाथ पाळला आणि रविवारी पहाटे कबरीकडे निघाल्या. चमत्कार बघायला नव्हे. मेलेल्या माणसाचं करायचं राहिलं होतं ते करायला.

माझ्या मते आशा ती हीच. आपण आशेला अंदाज समजतो, म्हणजे बरं व्हायची शक्यता इतके टक्के. टक्के घसरले की आशा संपली. त्या बायकांकडे टक्के शून्य होते, तरी त्या निघाल्या.

ख्रिस्ती मित्र म्हणाला, "अरे, पण पुनरुत्थान झालं म्हणूनच आमच्या आशेला अर्थ आहे." त्याचं बरोबरच आहे. माझी श्रद्धा तिथवर पोचत नाही. पण शनिवार मला कळतो. आमच्या घरात जानेवारीपासून शनिवारच चालू आहे.

काल दुपारी आई बाबांच्या हाताचा व्यायाम घेत होती. एकेक बोट उघडायचं, मिटायचं. ती रोज दोनदा करते, कधी चुकवत नाही. मध्येच हळूच म्हणाली, "होतील ना रे बरे?"

'सगळं छान होणार' हे अगदी ओठांवर आलं होतं. म्हटलं, "माहीत नाही गं. सरक, आज मी घेतो."

असो. सोमवारी परत हापिस. तोवर सकाळ-संध्याकाळची पाळी माझी.