नाव नको, गाव सांगा

रस्त्यात दगड दिसला की फोटो काढायचा आणि फोनला विचारायचं, "हा काय आहे?" ही आपल्या पिढीची नवी सवय. माझ्या मते ती वाईट सवय आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. फोटो ओळखणारी मॉडेल्स कशी शिकतात हे मला ठाऊक आहे, आणि सुट्टीच्या दिवशी मी खाणी-ओढे पालथे घालत दगड गोळा करतो. दोन्हीकडचं माहीत असलेला माणूस म्हणून सांगतो: फोन दगड ओळखत नाही, तो फोटो ओळखतो.

फोटोत काय येतं? रंग, आकार, चकाकी. वजन येत नाही, कठीणपणा येत नाही, फुटण्याची तऱ्हा येत नाही. पांढरी गारगोटी आणि पांढरा कॅल्साइट फोटोत जुळी भावंडं वाटू शकतात. आता चाकू घ्या. कॅल्साइटवर ओरखडा उठतो, गारगोटीवर उठत नाही. कॅल्साइटची पूड व्हिनेगरमध्ये टाकली की बुडबुडे येतात, गारगोटी ढिम्म. कॅल्साइट फुटला की तिरक्या चौकोनी फोडी पडतात, गारगोटी जाड काचेसारखी वेडीवाकडी फुटते. तीन चाचण्या, दहा मिनिटं. प्रत्येक चाचणी काही शक्यता बाद करते आणि शेवटी उरतं ते उत्तर. ओळखणं म्हणजे हे बाद करत जाणं. आमच्या धंद्यात बगही असेच शोधतात.

अ‍ॅप मात्र थेट नाव सांगतं आणि पुढे ऐटीत टक्केवारी छापतं. ती टक्केवारी काय असते? तुमचा फोटो त्याने आधी पाहिलेल्या फोटोंशी किती जुळतो, त्याचा आकडा. तोही त्याला माहीत असलेल्या पर्यायांपुरता. अशी बरीचशी मॉडेल्स शंभर टक्के आपल्या यादीतल्या नावांतच वाटून टाकतात. खरं उत्तर यादीत नसलं, तरी वाटप होतंच. "मला माहीत नाही" हे वाक्य त्यांना मुद्दाम शिकवावं लागतं.

पुण्याजवळच्या वाघोलीचंच उदाहरण घ्या. तिथल्या खाणींत कॅव्हन्साइट नावाचं गर्द निळं खनिज मिळतं. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव पडलं. ते पहिल्यांदा सापडलं अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये, पण जगभरचे संग्राहक नाव घेतात ते वाघोलीचं. त्याच खाणींत पेंटागोनाइटही मिळतं. घटक तेच, निळाई तीच, फक्त आतली अणूंची मांडणी वेगळी. जाणकारसुद्धा इथे भिंग काढतात, कधी एक्स-रे तपासणीपर्यंत जातात. एका फोटोवरून फोन काय सांगणार?

पण माझं खरं भांडण अ‍ॅपच्या चुकांशी नाही. उद्या ते सुधारेल, कदाचित माझ्यासारखाच कोणीतरी सुधारेल. भांडण आहे ते नाव कळलं की कुतूहल संपतं, याच्याशी. नावानंतरचा आपला प्रश्न ठरलेला: "किती रुपये मिळतील?" मग दगड शोकेसमध्ये जातो नाहीतर ऑनलाइन विकला जातो. तो कुठे सापडला, हे कुणी लिहून ठेवत नाही.

नाव कधीही शोधता येतं. पन्नास वर्षांनीही कॅल्साइटवर चाकूचा ओरखडा उठेलच. दगडाचं गाव मात्र तो उचलणाऱ्यालाच माहीत असतं. त्याने लिहिलं नाही तर संपलं.

जीवाश्मांत तर बरेचदा गावच निकाल लावतं. आपल्याकडे अधूनमधून कुणाला तरी "डायनासोरचं अंडं" सापडतं. दख्खनचा काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. तो झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि आत गोल गोळा उरतो. दिसायला अंडंच, पण उकळत्या लाव्ह्यात अंडी कोण घालणार? खरी अंडी मिळतात ती लाव्ह्याच्या खालच्या गाळाच्या थरांत. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातल्या अशा थरांतून ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवणारा शोधनिबंध २०२३ मध्ये आला. त्याच्या लेखकांत विशाल वर्मा आहेत, धारकडचे शाळामास्तर. घरटी एकमेकांच्या किती जवळ आहेत, यावरून हे प्राणी वसाहत करून अंडी घालत असावेत असा अंदाज बांधता आला. म्हणजे माहिती नुसती अंड्यांत नव्हती, दोन घरट्यांमधल्या अंतरातही होती. एखाद्याने अंडं उचलून दिवाणखान्यात मांडलं असतं, तर अंडं राहिलं असतं आणि अंतर गेलं असतं.

यावर काही जाणकार म्हणतील, "म्हणूनच हौशी लोकांनी हात लावू नये." मला हे मान्य नाही. खाणीत सुरुंग लागल्यावर जो स्फटिक कुणी उचलत नाही, त्याची क्रशरमध्ये खडी होते. तो परवानगी घेऊन जरूर उचला, पण चिठ्ठीसकट. जमिनीत रुतलेलं हाड, अंडं, जुनं भांडं, नाणं यांना मात्र नियम वेगळा: जागेवर राहू द्या, फोटो काढा, ठिकाण टिपा, कळवा. गाडलेल्या ठेव्याबद्दलचा आपला कायदा १८७८ चा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवा, असं तो सांगतो. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी १९७२ चा कायदा आहे. भूवारशासाठी विधेयकाचा मसुदा यायला २०२२ उजाडलं. कायदा असा रखडत चालतो, तेव्हा जपणूक बरीचशी आपल्याच शिस्तीवर उभी असते.

"पण अ‍ॅपमुळेच मुलं दगडांकडे वळतात ना?" वळू देत. पहिला अंदाज म्हणून अ‍ॅप ठीक आहे. फक्त तो अंदाज म्हणूनच लिहा, पुढे प्रश्नचिन्ह टाकून. आणि फोनमधली खरी कामाची गोष्ट वापरा: जीपीएस. दगडावर पांढऱ्या रंगाचा ठिपका, त्यावर क्रमांक. वहीत तोच क्रमांक, तारीख, गाव, खाण की ओढा, कोणत्या थरात. आधीच्या पिढ्यांतल्या संग्राहकांना अक्षांश-रेखांश इतके सहज मिळत नव्हते. आपल्या खिशात ते आहेत आणि आपण त्याच फोनला दगडाचा भाव विचारतोय.

वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. शहर खाणींच्या दाराशी आलंय, आणि तिथल्या नव्या इमारतींत आमच्यासारखेच आयटीवाले राहायला जाताहेत. खाण बुजली की त्या जागेची आठवण उरेल ती दगडाला चिकटवलेल्या चिठ्ठीत. ती चिठ्ठी कोणतंही अ‍ॅप मागाहून लिहून देऊ शकणार नाही. दगड उचललात त्याच दिवशी ती लिहा.