रस्त्याकडेला करंज लावा

पावसाळ्यात गाजावाजा करून लावलेली रोपं उन्हाळ्यात वाळतात, कारण राडारोड्याच्या जमिनीला झेपेल असं झाडच आपण निवडत नाही. करंज निवडावा. नदीकाठ, खाडीकाठ हे त्याचं माहेर. म्हणून खारी माती, तुंबलेलं पाणी आणि पुढचा कोरडा उन्हाळा तो सोसतो. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात. वसंतात लकाकती पोपटी पालवी, मग जांभळट-पांढऱ्या फुलांवर मधमाश्यांची झुंबड. पानांवर फोड दिसले म्हणून कुऱ्हाड चालवू नये. झाड त्यानं सहसा मरत नाही. काँक्रीटचा फास मात्र मारतो. महाराष्ट्राच्या १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार नेमलेल्या वृक्ष प्राधिकरणांनी प्रत्येक बुंध्याभोवती मीटरभर माती मोकळी ठेवायला कंत्राटदारांना भाग पाडावं.